शाळा पुन्हा भरली, समुदाय मात्र उशिरा जमला

कोविडच्या साथीत बंद पडलेल्या शाळा पुन्हा सुरू झाल्याची नोंद सगळीकडे तारखांनी झाली. बंद केलेल्या शाळा उघडणारा युरोपातील पहिला देश डेन्मार्क ठरला. तिथे १५ एप्रिल २०२० पासून लहान मुलांचे वर्ग भरू लागले. युगांडातील मुलांना मात्र १० जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, वाट पाहावी लागली. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक देशाची, प्रांताची, कधी कधी एकेका शाळेची स्वतःची तारीख आहे. एप्रिल २०२० मध्ये १९० च्या आसपास देशांतील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी शाळेबाहेर होते आणि जगभरच्या कॅथलिक शाळांत शिकणाऱ्या सुमारे सहा कोटी मुलांपैकी बहुतेक सगळी त्यांत होती. मला ज्याविषयी लिहायचे आहे ते या तारखांच्या नंतरचे आहे, कारण वर्गांची दारे उघडली तो दिवस आणि शाळेतील माणसे पुन्हा एकमेकांची झाली तो दिवस यांच्यामध्ये बरेच अंतर पडले, आणि त्या अंतरात काय घडले याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

मी एका कॅथलिक शाळेत अनेक वर्षे शिकवते. मी स्वतः कॅथलिक नाही, आणि माझ्या वर्गातील बरीच मुलेही नाहीत. त्यामुळे सिस्टर, फादर, मिस्सा (चर्चमधील मुख्य सामूहिक उपासना), सकाळची प्रार्थना, संताचा सण या सगळ्यांकडे मी थोडी बाहेरून आणि बरीचशी आतून पाहत आले आहे. अशा शाळेच्या प्रत्येक माहितीपत्रकात ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ हे वाक्य असतेच. ते आम्ही इतक्या वेळा छापले होते की त्याचा अर्थ काय, असे कोणी विचारण्याची वेळच आली नव्हती. ती वेळ साथीने आणली.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दूरस्थ शिक्षणाच्या काळात शिकवणे थांबले नव्हते. ज्यांच्या घरी यंत्र होते आणि जोडणी होती त्यांना धडे मिळाले, गृहपाठ मिळाला, परीक्षाही झाल्या. काही विषय तर वर्गापेक्षा बरे शिकवले गेले, असे मी म्हणेन. एरवी हात वर करायला घाबरणारी मुले लिहून प्रश्न विचारू लागली होती. थांबले ते वेळापत्रकात नसलेले सगळे. जिन्यात गाठ पडणे, तास संपल्यावर टेबलाशी विनाकारण घुटमळणे, मैदानाच्या कडेला उभे राहून कोण कोणाशी बोलत नाही हे पाहणे, या गोष्टींना कुठल्याही वेळापत्रकात तास नसतो आणि म्हणून त्या बंद पडल्या तेव्हा त्यांची कुठे नोंदही झाली नाही.

कॅथलिक शिक्षणपरंपरेत या गोष्टींना मात्र नेहमीच मोठे स्थान राहिले आहे. एकोणिसाव्या शतकात इटलीतील तुरिन शहरात काम करणाऱ्या संत जॉन बॉस्को यांनी कारखान्यांच्या आसऱ्याने शहरात आलेल्या निराधार मुलांसाठी जी पद्धत घडवली, तिचा गाभाच हा होता की शिक्षकाने मुलांच्या खेळात, जेवणात, रिकाम्या वेळात त्यांच्यामध्ये असावे. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होण्याआधी शेजारी असणे त्यांना महत्त्वाचे वाटे. येशूसंघीय (जेझुइट धर्मसंघाच्या) शाळाही प्रत्येक विद्यार्थ्याची व्यक्ती म्हणून काळजी घेण्याचा आग्रह धरतात. हे सगळे आम्ही प्रशिक्षणात ऐकलेले होते, पण त्याचा अर्थ मला पडद्यासमोर बसल्यावर कळला. पडद्यावर ज्याला दिसायचे आहे तोच दिसतो. कॅमेरा बंद करून नावाची काळी चौकट ठेवणारा मुलगा आळशी आहे, की त्याच्या मागे एकाच खोलीत सहा माणसे वावरत आहेत, की तो रडतो आहे, हे शिक्षकाला कळण्याचा काही मार्ग नव्हता. वर्गात तो दारातून आत येतानाच्या चालीवरून कळले असते.

व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षण विभागाने १० सप्टेंबर २०२० रोजी जगभरच्या शाळा आणि विद्यापीठांना एक परिपत्रक पाठवले होते. त्यात दूरस्थ शिक्षणाची गरज नाकारलेली नव्हती आणि मुलांच्या साधनांमधील विषमतेचाही उल्लेख होता. पण माणसांनी प्रत्यक्ष भेटून एकमेकांशी बोलणे ही शिक्षणाला जोडलेली पूरक पार्श्वभूमी नसून शिक्षणाचे सत्त्वच ते आहे, अशा आशयाची त्याची भूमिका होती. परिपत्रके वाचून माझे मन सहसा हलत नाही. हे मात्र मी दोनदा वाचले, कारण त्या महिन्यात आमच्यापैकी अनेक जण नेमके उलट म्हणू लागले होते: इतके स्वस्तात आणि इतक्या सोयीने काम होत असेल तर इमारत हवीच कशाला?

मग वर्ग उघडले, आणि सुरुवातीचे काही महिने ज्याला आम्ही परतणे म्हणत होतो ते खरे तर नियमांचे पालन होते. बाकांमध्ये अंतर, ठरावीक मुलांचे ठरावीक गट, एका गटाने दुसऱ्यात मिसळायचे नाही, खिडक्या उघड्या, हात धुण्याच्या रांगा, जमिनीवर रंगवलेले बाण. या नियमांविषयी माझी तक्रार नाही. ते नसते तर शाळा उघडलीच नसती. पण मुखपट्टीमागचे अर्धे चेहरे पाहण्याची सवय होईपर्यंत एक विचित्र गोष्ट घडत राहिली. त्या वर्षी नव्याने आलेल्या मुलांचे चेहरे आम्ही मनातल्या मनात पुरे करून टाकले होते, आणि जेवणाच्या सुट्टीत मुखपट्टी खाली आली की तिथे दुसरेच कोणीतरी बसलेले असे. जुन्या मुलांचे आवाज बदलले होते, उंची बदलली होती, आणि आपण बदललो आहोत हे शिक्षकांना कळू नये अशी त्यांची खटपट दिसे. अक्षरओळख शिकणाऱ्या सगळ्यात लहान वर्गाचे हाल वेगळेच होते, कारण ओठ कसे हलतात हे पाहिल्याशिवाय ‘म’ आणि ‘न’ यांच्यातील फरक चार-पाच वर्षांच्या मुलाला समजावणे किती अवघड असते, हे त्या वर्गाच्या शिक्षिकाच सांगू शकतील.

कॅथलिक शाळेचे दैनंदिन जीवन स्पर्शाने भरलेले असते, हे मला या नियमांमुळे प्रथम स्पष्टपणे दिसले. प्रार्थनागृहाच्या दारात पवित्र पाण्याचे पात्र असते. ते कोरडे करून ठेवले होते. मिस्सेत शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याचा हात हातात घेतात. त्याऐवजी मान लववायची होती. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर, जिभेवर न देता हातावर द्यायचा होता. २०२१ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, १७ फेब्रुवारीला आला, आणि त्याआधी १२ जानेवारीला व्हॅटिकनच्या उपासना विभागाने सूचना काढली होती की धर्मगुरूंनी राखेला आशीर्वाद दिल्यावर ठरलेले वाक्य सर्वांसाठी एकदाच म्हणावे, हात स्वच्छ करावेत, मुखपट्टी लावावी आणि मग काहीही न बोलता प्रत्येकाच्या डोक्यावर राख शिंपडावी. कपाळावर अंगठ्याने क्रूस काढून घेण्याची सवय असलेल्या मुलांना ही पद्धत नवी होती, जरी इटलीत डोक्यावर राख टाकण्याची चाल जुनीच आहे. मुले हिरमुसली. दिवसभर कपाळावर खूण मिरवता येणार नाही, हे त्यांचे खरे दुःख होते. गंमत अशी की त्याच दिवशी मिस्सेत वाचले जाणारे मत्तयकृत शुभवर्तमानातील वचन सांगते की उपास करताना तोंड धुवावे आणि आपला उपास लोकांना दिसू देऊ नये. साथीने नकळत त्या वचनाचे पालन करवून घेतले, असे मी एका सिस्टरना म्हटले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की मुलांना मात्र हे सांगू नका, त्यांना पुढच्या वर्षीचा क्रूस हवा आहे.

सगळ्यात शेवटी परतले ते गाणे. कारण समजण्यासारखे होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जणांना लागण झाली किंवा झाली असावी असे आढळले आणि दोघांचा मृत्यू झाला. एकत्र गाताना हवेत किती सूक्ष्म थेंब उडतात हे त्या घटनेने जगाला दाखवून दिले आणि शाळांतील समूहगान बंद झाले. सूचनाफलकाविना शाळा चालू शकते, पण कॅथलिक शाळा गाण्याविना चालवून पाहिली तर तिचे काहीतरी मूलभूत बिनसते. आमच्याकडे कित्येक महिने ध्वनिक्षेपकावर गाणे वाजत असे आणि मुले उभी राहून ते ऐकत असत. गाण्याला उपस्थित राहणे आणि गाणे यांत जो फरक आहे तोच मिस्सा पडद्यावर पाहणे आणि मिस्सेत असणे यांत आहे, आणि मुलांना तो कोणी समजावून सांगावा लागला नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावले ते याच्या पुढच्या गोष्टीने. शाळेच्या रीतीभाती शिक्षक शिकवतात असा आमचा समज असतो. प्रत्यक्षात त्या मोठी मुले लहान मुलांना देतात, आणि तीही न सांगता. मिस्सेत कधी उभे राहायचे, कधी गुडघे टेकायचे, धर्मगुरूंच्या कोणत्या वाक्याला काय उत्तर द्यायचे, प्रार्थनेच्या वेळी कॅथलिक नसलेल्या मुलाने काय करायचे, घंटा वाजवण्याचा मान कोणाचा, नव्या मुलाला कोणत्या खेळात घ्यायचे, पडलेल्याला उचलायला कोणी धावायचे, हे सगळे पुढच्या रांगेतील पाठींकडे पाहून शिकले जाते. शाळा बंद झाली तेव्हा वरचा वर्ग निरोप समारंभाशिवाय निघून गेला. त्याच्यानंतरच्या वर्गाने वरचा वर्ग म्हणून शाळेत एकही पूर्ण दिवस काढला नाही. वर्ग उघडले तेव्हा तिसरीत बसलेल्या मुलांना शाळेचा अनुभव पहिलीच्या मुलाइतका होता, आणि आपल्याहून मोठे कोण आहे व त्याच्याकडून काय घ्यायचे असते हेच त्यांना माहीत नव्हते. दोन वर्षांत एक परंपरा तुटू शकते, हे मी एरवी मानले नसते. ती तुटली नाही, पण तिचा एक टाका उसवला आणि तो कुठे उसवला आहे हे बराच काळ दिसले नाही.

आम्ही त्यावर शिक्षकांना सुचतो तोच उपाय केला: लिहून काढले. प्रार्थनासभेत कसे उभे राहावे, मिस्सेतील प्रतिसाद कोणते, मैदानात काय चालते आणि काय नाही, याची छापील पाने वाटली. पानांचा उपयोग झाला नाही असे नाही. प्रतिसाद पाठ झाले. पण पूर्वी ज्या मुलांना नियम माहीत नव्हते तीही नियमाने वागत होती आणि आता नियम पाठ असलेली मुले वर्गमित्र पडला तर शिक्षकाला शोधायला जात होती. त्यांचा दोष नव्हता. दीड-दोन वर्षे त्यांना सांगितले गेले होते की दुसऱ्याच्या जवळ जाणे धोक्याचे आहे, आणि ते खरेही होते. दूर राहणे म्हणजे काळजी घेणे, हे ज्या वयात शिकले जाते त्या वयात ते फार पक्के बसते.

पहिला ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा विधी) हे संस्कार अनेक ठिकाणी पुढे ढकलले गेले होते. ते उरकताना एकाच विधीला वेगवेगळ्या वयांची मुले जमली, नातेवाईक मोजके आले आणि फोटो मुखपट्ट्यांसह निघाले. कॅथलिक कुटुंबांसाठी ही हानी मोठी होती. तिच्याविषयी अधिकाराने बोलणे मला शक्य नाही, म्हणून इथे थांबते.

पालकांविषयी मात्र मला बोलायचे आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे स्पष्ट म्हटले आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातील ७९६ वे कलम त्याहून पुढे जाते: शिक्षकांनी पालकांबरोबर जवळून काम करावे, त्यांचे म्हणणे आनंदाने ऐकून घ्यावे, त्यांच्या संघटना आणि सभा भरवाव्यात व त्यांना मोठा मान द्यावा. दूरस्थ शिक्षणाच्या काळात पालक अक्षरशः वर्गात येऊन बसले. चौकटीच्या बाहेरून एखाद्या आजीचा हात पाण्याचा पेला पुढे करी; कामावर निघालेले वडील उभ्या उभ्या अर्धा धडा ऐकून जात. आम्हाला ते सुरुवातीला फार खटकले, कारण शिक्षकाला प्रेक्षक आवडत नाहीत. पण काही महिन्यांनी त्याच पालकांशी बोलताना एक नवी बरोबरी आली होती. आपले मूल कशात अडते हे त्यांनी स्वतः पाहिलेले असल्यामुळे गुणपत्रकावरून होणारे वाद जवळजवळ संपले होते. वर्ग उघडले तेव्हा संसर्ग टाळण्यासाठी पालकांना फाटकाबाहेर थांबवण्याचा नियम झाला. तो तेव्हा योग्य होता. अडचण अशी की संसर्गाचे बाकीचे नियम एकेक करून उठले आणि हा एक मात्र अनेक शाळांत टिकून राहिला, कारण तो व्यवस्थापनाला सोयीचा पडला. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आईला आम्ही पहिली शिक्षिका म्हणतो आणि आत यायचे असेल तर भेटीची वेळ आगाऊ घ्यायला सांगतो. मला हे परतणे वाटत नाही.

पैशाचा विषय अशा लिखाणात टाळला जातो, पण कॅथलिक शाळांच्या बाबतीत तो टाळला तर चित्र खोटे होते. ज्या देशांत या शाळा सरकारी अनुदानाशिवाय चालतात तिथे त्या मुख्यतः शुल्क, देणग्या आणि धर्मग्रामाचा (स्थानिक चर्चच्या समुदायाचा) किंवा धर्मसंघाचा आधार यांवर उभ्या असतात. प्रार्थनामंदिरे बंद झाल्यावर दानपेट्या रिकाम्या राहिल्या, पालकांच्या नोकऱ्या गेल्या आणि शुल्क थांबले. अमेरिकेतील नॅशनल कॅथलिक एज्युकेशनल असोसिएशनच्या आकडेवारीनुसार २०२०–२१ या वर्षात तेथील कॅथलिक शाळांची पटसंख्या ६.४ टक्क्यांनी घटली आणि दोनशेहून अधिक शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या. त्या शाळांचा समुदाय परतला नाही, कारण परतायला जागाच उरली नाही. पुढच्या वर्षी, २०२१–२२ मध्ये, पटसंख्या ३.८ टक्क्यांनी वाढली. सरकारी शाळा बंद असताना अनेक कॅथलिक शाळा प्रत्यक्ष वर्ग भरवत होत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. या वाढीचा आनंद मी समजू शकते, पण तिच्याबरोबर येणारा विजयाचा सूर मला रुचत नाही. दार उघडे दिसले म्हणून आत आलेले कुटुंब शाळेच्या समुदायाचा भाग आपोआप होत नाही. ते कसे होईल हे बघणे शाळेचे काम आहे, आणि प्रवेश अर्ज भरून घेतल्यावर ते काम सुरू होते.

आता जी परतलीच नाहीत त्या मुलांविषयी. युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले होते की शाळा बंद असताना जगातील किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत कोणत्याही प्रकारचे दूरस्थ शिक्षण पोहोचू शकत नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी १५ ऑक्टोबर २०२० रोजी शिक्षणाविषयीच्या जागतिक कराराच्या निमित्ताने दिलेल्या संदेशात, आर्थिक संकटामुळे सुमारे एक कोटी मुलांना शाळा सोडावी लागण्याची भीती व्यक्त केली होती आणि शाळेपासून आधीच वंचित असलेल्या २५ कोटींहून अधिक मुलांची आठवण करून दिली होती. तो करार खरे म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यात रोममध्ये लोकांना जमवून व्हायचा होता. साथीने तो कार्यक्रमही पडद्यावर नेला. मोठे आकडे ऐकून मन बधिर होते, म्हणून मी हजेरीपटाकडे वळते. हजेरीपटावर जे नाव सलग गैरहजर असते त्याला कारण असते. कोणी कामाला लागला होता आणि घराला आता त्या पैशाची सवय झाली होती. कोणाचे कुटुंब दुसरीकडे निघून गेले होते. कुठे मोठ्या मुलीचे लग्न झाले होते, कुठे ती आई झाली होती, आणि जी शाळा जीवनाच्या पावित्र्याविषयी इतके बोलते तिने त्या मुलीला वर्गात जागा द्यायची की नाही, हा प्रश्न तत्त्वाने सोपा आणि व्यवहारात अनेकांना अवघड वाटणारा होता. मला तो दोन्ही अर्थांनी सोपा वाटतो.

आणि काही मुले केवळ लाजेने येत नव्हती. शुल्क थकलेले होते. एका शाळेत, तिचे नाव इथे सांगत नाही, वर्ग उघडण्याच्या आधी पालकांना थकबाकीचे पत्र गेले आणि स्वागताचे पत्र त्यानंतर आठवड्याने. दोन्ही पत्रे आवश्यक होती. शिक्षकांचे पगारही त्याच शुल्कातून व्हायचे होते, हे मी विसरत नाही. पण क्रम उलटा असता तर काही मुले पहिल्याच दिवशी दिसली असती, याची मला खात्री आहे. ज्या वर्गशिक्षकांनी स्वतः फोन केले, फोन लागला नाही तर शेजाऱ्यांकडे चौकशी केली आणि पैशाचा विषय न काढता ‘कधी येतोस?’ एवढेच विचारले, त्यांच्या वर्गांचा पट लवकर भरला. या कामात शिक्षकांपेक्षा शाळेचे शिपाई आणि कार्यालयातील लिपिक अधिक उपयोगी पडले, कारण कोण कुठे राहतो, कोणाचा भाऊ कुठे काम करतो हे त्यांना ठाऊक असते. समुदायाची यादी करताना आम्ही विद्यार्थी, पालक, शिक्षक इतकीच नावे घेतो आणि शाळेचा खरा पत्ता ज्यांना माहीत असतो त्यांना विसरतो.

मृत्यूंविषयी लिहिल्याशिवाय हे पुरे होणार नाही. जवळजवळ प्रत्येक शाळेने कोणी ना कोणी गमावले होते: निवृत्त शिक्षक, मुलांचे आजीआजोबा, कुणाची आई. त्यांपैकी अनेकांच्या अंत्यविधीला कोणी जाऊ शकले नव्हते. कॅथलिक परंपरेत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे आणि तो सगळा महिनाच त्यांच्यासाठी प्रार्थनेचा मानतात. २०२० मध्ये गर्दी टाळण्यासाठी व्हॅटिकनने मृतांसाठी विशेष प्रार्थना करून त्यांच्या पापांच्या दंडाची माफी मागण्याची सवलत, एरवी जी महिन्याच्या पहिल्या आठ दिवसांपुरती असते, संपूर्ण नोव्हेंबरभर वाढवली होती. वर्ग उघडल्यानंतरच्या नोव्हेंबरमध्ये आमच्या शाळेने एक साधी प्रार्थनासभा ठेवली. नावे लिहून द्या, वाचून दाखवू, एवढीच सूचना होती. मला वाटले होते की कॅथलिक कुटुंबांकडून काही चिठ्ठ्या येतील. प्रत्यक्षात प्रत्येक वर्गातून, प्रत्येक धर्माच्या घरातून नावे आली. काही मुलांनी पेन्सिलने ‘आजी’ एवढेच लिहिले होते, कारण आजीचे नाव त्यांना माहीत नव्हते, आणि फादरांनी तेही तसेच वाचले. वाचन संपायला ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागला आणि मुलांनी चुळबूळ केली नाही. व्हॅटिकन परिषदेच्या त्या १९६५ च्या जाहीरनाम्यात कॅथलिक नसलेली मुले शिकतात त्या शाळाही चर्चला फार प्रिय आहेत असे म्हटलेले आहे. ते वाक्य मला आजवर औपचारिक वाटत आले होते. त्या सभेनंतर शिक्षकांच्या खोलीत प्रथमच कोणी ऑनलाइन वर्गांचा किंवा अपूर्ण अभ्यासक्रमाचा विषय काढला नाही. शाळेचा समुदाय कोणत्या दिवशी जमला असे मला विचारले, तर मी त्या दिवसाचे नाव सांगेन, वर्ग उघडल्याच्या दिवसाचे सांगणार नाही.

अभ्यासातील नुकसानाची चर्चा मी इथे मुद्दाम केली नाही. ती भरपूर झाली आहे आणि तिच्यासाठी चाचण्या आहेत. अमेरिकेतील २०२२ च्या राष्ट्रीय चाचण्यांत कॅथलिक शाळांतील मुलांची घसरण तुलनेने कमी दिसली, हे त्या शाळांनी अभिमानाने सांगितले. पण कोणत्या घरातील मुले कुठे शिकतात आणि किती काळ कोणाचे वर्ग बंद होते याचा हिशेब मांडल्याशिवाय त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. वाचन मागे पडले असेल तर वाचून घेता येते. मोठ्यांनी लहानांना सांभाळण्याची जी सवय गेली तिची चाचणी कोणी घेत नाही.

त्या सवयीसाठी आमच्या शाळेत या वर्षी छापील पाने बंद करण्यात आली आहेत. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात वरच्या वर्गातील एकेका विद्यार्थ्याकडे सगळ्यात खालच्या वर्गातील एकेक मूल सोपवले जाते. त्याला प्रार्थनासभेत शेजारी उभे करायचे, जेवताना जवळ बसवायचे, मैदानात खेळात घ्यायचे आणि सुट्टीच्या वेळी फाटकापर्यंत पोहोचवायचे. अभ्यासाचे पाच तास बुडतात, अशी तक्रार दोन विषयशिक्षकांनी केली आहे आणि ती विचारात घेतली जाईल. फाटक पालकांसाठी उघडण्याचा माझा अर्ज अजून व्यवस्थापनाकडे पडून आहे. पुढच्या सभेत ७९६ व्या कलमाची प्रत घेऊन जाण्याचे मी ठरवले आहे.